फाइल डोळ्यांसमोर, तरी सिस्टिम म्हणते ‘नाही’: ६४-बिट लिनक्सवर जुना ३२-बिट प्रोग्रॅम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका मोजमाप उपकरणाच्या नोंदी उघडणारा, २००६ च्या सुमाराचा लिनक्स प्रोग्रॅम तुमच्याकडे आहे. सोर्स कोड नाही, बनवणारेही आता कुठे सापडत नाहीत. जुन्या ३२-बिट मशिनवर तो इतकी वर्षं बिनतक्रार चालला. आता नव्या ६४-बिट डेस्कटॉपवर त्याचं फोल्डर जसंच्या तसं आणून ठेवलं, चालवायची परवानगी दिली आणि टर्मिनलमध्ये नाव टाइप केलं, तर उत्तर आलं: ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. फाइल तर समोर दिसते आहे. मग नाही म्हणतो ते कशाला?

बहुतेक वेळा असा प्रोग्रॅम चालतो, म्हणून आधी धीर धरा. आणि जुनं मशिन अजून सुरू होत असेल तर या सगळ्याचा निकाल लागेपर्यंत ते मोडीत काढू नका. (आज्ञा आणि फाइलींची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितो आहे, टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.)

तो संदेश खोटं बोलत नाही. तो दुसऱ्याच फाइलबद्दल बोलतो आहे. लिनक्समधला साधा प्रोग्रॅम कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, थेट सुरू करत नाही. प्रोग्रॅमच्या आत एका मदतनिसाचा पत्ता लिहिलेला असतो, त्याला लोडर म्हणतात. कर्नल आधी लोडरला बोलावतो, लोडर सगळ्या लायब्ऱ्या (प्रोग्रॅम उसने घेतो ते तयार कोडचे संच) गोळा करून जोडतो, मग कुठे तुमचा प्रोग्रॅम सुरू होतो. इंटेल घराण्यातल्या प्रोसेसरवर ३२-बिट प्रोग्रॅममध्ये हा पत्ता ‘/लिब/एलडी-लिनक्स.एसओ.२’ असा असतो. ६४-बिटचा लोडर वेगळा, तो ‘/लिब६४’ मध्ये राहतो. तुमच्या नव्या सिस्टिमवर पहिला लोडर नाहीच. कर्नलला तो सापडत नाही, कर्नल ‘फाइल नाही’ एवढंच कळवतो, आणि शेल (टर्मिनलमध्ये आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम) तुम्ही टाइप केलेल्या नावापुढे ते वाक्य चिकटवतं. या एका वाक्यापायी लोक दिवस दिवस परवानग्या तपासत बसतात, फाइल पुन्हा पुन्हा कॉपी करतात. बॅश या शेलच्या ५.२ या आवृत्तीपासून संदेश थोडा सुधारला आहे, ‘रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड’ असं तरी येतं.

खात्री करायला ‘फाइल’ ही आज्ञा प्रोग्रॅमवर चालवा. उत्तरात ‘ईएलएफ ३२-बिट’, ‘इंटेल ८०३८६’ आणि पुढे ‘इंटरप्रिटर’ म्हणून लोडरचा तोच पत्ता दिसला की निदान पक्कं झालं. ‘एलडीडी’ मात्र या टप्प्यावर वापरू नका. ३२-बिट लोडर नसताना ती ‘नॉट अ डायनॅमिक एक्झिक्युटेबल’ असं सांगते, आणि वाचणाऱ्याला वाटतं की याला लायब्ऱ्या लागतच नाहीत. लोडर नसला तरी काम करणारी आज्ञा म्हणजे ‘रीडएल्फ -डी’. ती प्रोग्रॅम न चालवता फक्त फाइल वाचते आणि ‘नीडेड’ लिहिलेल्या ओळींत लायब्ऱ्यांची नावं देते. ती यादी एका कागदावर किंवा मजकूर फाइलमध्ये उतरवून ठेवा, पुढे सतत लागेल.

समजा ‘नो सच फाइल’ऐवजी ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आला, तर घोडं वेगळ्याच ठिकाणी पेंड खातंय. एक तर कर्नलमध्ये ३२-बिटचा आधार बंद आहे, किंवा तुमचा प्रोसेसर इंटेल घराण्यातला नसून आर्म जातीचा आहे. कर्नल ६.७ पासून हा आधार सुरू-बंद करायला ‘आयए३२_इम्युलेशन’ नावाचा बूट पर्याय आहे. सुरक्षेसाठी कोणी तो बंद केलेला असू शकतो, म्हणून आधी तिथे पाहा.

‘इम्युलेशन’ हे नाव ऐकून लोकांना वाटतं की प्रोग्रॅम संथ चालेल. तसं काही नाही. एएमडीने २००३ मध्ये ६४-बिट ऑप्टेरॉन आणला तेव्हाच जुना ३२-बिट कोड त्याच चिपवर थेट चालेल अशी सोय ठेवली होती, आणि ती आजच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरांतही आहे. उलट ६४-बिट कर्नलखाली ३२-बिट प्रोग्रॅमला मेमरीत थोडी जास्तच जागा मिळते: ३२-बिट कर्नलवर त्याच्या वाट्याला सहसा ३ जीबी पत्ते येत, इथे जवळपास पूर्ण ४ जीबी येतात. म्हणजे प्रोसेसर तयार आहे, कर्नलही तयार आहे. कमी आहे ती फक्त लायब्ऱ्यांची.

डेबियन, उबुंटू, मिंट या कुटुंबात त्यासाठी मल्टीआर्क आहे, म्हणजे ६४-बिट सिस्टिमवर ३२-बिट पॅकेजंही बसवायची सोय. उबुंटूत ते २०११ मध्ये आलं, डेबियनमध्ये २०१३ च्या व्हीझी या आवृत्तीपासून. त्याआधी ‘आयए३२-लिब्स’ नावाचं एकच भलंमोठं गाठोडं असायचं. जुन्या सल्ल्यांत अजून त्याचं नाव सापडतं, ते शोधत बसू नका, कधीच बंद झालं. आता ‘डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आय३८६’ (आय३८६ म्हणजे इंटेलचं ३२-बिट), मग ‘ॲप्ट अपडेट’, आणि नंतर ‘ॲप्ट इन्स्टॉल लिबसी६:आय३८६ लिबएसटीडीसी++६:आय३८६’. मधला अपडेट विसरला तर ‘असं पॅकेज नाही’ हे ऐकावं लागतं. नावातल्या विसर्गासारख्या खुणेकडेही नीट पाहा. ‘लिबसी६:आय३८६’ आणि ‘लिबसी६-आय३८६’ ही दोन वेगळी पॅकेजं आहेत. दुसऱ्याने लोडर मिळतो, पण खिडक्या, फॉन्ट, चित्रं यांच्या लायब्ऱ्या त्या वाटेने येत नाहीत. तुम्हाला पहिलं हवं. फेडोरात आर्किटेक्चर वेगळं जोडावं लागत नाही, ‘डीएनएफ इन्स्टॉल जीलिबसी.आय६८६’ अशी शेपटी लावली की झालं. आर्चमध्ये ‘मल्टिलिब’ हा भाग सुरू करायचा आणि ‘लिब३२-’ने सुरू होणारी पॅकेजं घ्यायची.

इथे जरा थांबतो, कारण सर्वांत मोठं नुकसान याच पायरीवर होताना मी पाहिलं आहे. मल्टीआर्कमध्ये एकाच लायब्ररीच्या ३२ आणि ६४-बिट प्रती शेजारी शेजारी नांदतात, पण अट अशी की दोघींची आवृत्ती अक्षरशः एकच हवी. तुम्ही कधीतरी बाहेरच्या भांडारातून (पॅकेजांच्या ऑनलाइन साठ्यातून) एखादी ६४-बिट लायब्ररी थोडी पुढची घेतली असेल, तर तिची ३२-बिट जोडीदारीण मिळत नाही. मग ॲप्ट हिशेब करतो आणि कधीकधी तोडगा म्हणून ६४-बिटचीच लायब्ररी काढायचं ठरवतो, आणि तिच्यावर उभा असलेला अख्खा डेस्कटॉपही. हे तो लपवत नाही. ‘खालील पॅकेजं काढली जातील’ अशी यादी छापतो आणि हो-नाही विचारतो. माझ्या एका सहकाऱ्याने घाईत ‘वाय’ दाबलं. यादीत चाळीसेक नावं होती, त्यात लॉगिनची खिडकी आणि नेटवर्क सांभाळणारं पॅकेजही होतं. मशिन पुन्हा सुरू केल्यावर काळा पडदा आणि एक लुकलुकती रेघ उरली, आणि नेटवर्कच नसल्यामुळे पॅकेजं परत आणायचीही सोय राहिली नाही. म्हणून आय३८६ चं काहीही बसवताना आधी ‘-एस’ लावून नुसती रंगीत तालीम घ्या. काढायच्या यादीत तुमच्या ओळखीचं एकही नाव दिसलं तर तिथेच थांबा. ‘ॲप्ट पॉलिसी’ने त्या लायब्ररीची कोणती आवृत्ती कुठून आली ते बघा आणि आधी ती भांडाराच्या मूळ आवृत्तीवर परत आणा.

लोडर आला की आता ‘एलडीडी’ खरं बोलू लागते. ती एकेक लायब्ररी आणि ती कुठे सापडली ते दाखवते. जिच्यापुढे ‘नॉट फाउंड’ आहे ती हवी. तुमच्या प्रोग्रॅमच्या वयाकडे पाहता नावं तीन गटांत पडतील.

पहिला गट सोपा: ‘लिबएक्स११’, ‘लिबएक्सटी’, ‘लिबएक्सएमयू’, ‘झेडलिब’, ‘फॉन्टकॉन्फिग’. यांची जुनी नावं अजून टिकून आहेत आणि ३२-बिट प्रती भांडारात मिळतात. पॅकेजचं नाव कळत नसेल तर ‘ॲप्ट-फाइल सर्च’ला लायब्ररीचं नाव द्या. उबुंटू २४.०४ किंवा डेबियन १३ वर असाल तर काही नावांच्या शेवटी ‘टी६४’ लागलेलं दिसेल, उदाहरणार्थ ‘लिबएसाउंड२टी६४’. १९ जानेवारी २०३८ ला ३२-बिट घड्याळाचे आकडे संपतात, त्याच्या तयारीत हे नामांतर झालं. आय३८६ वर मात्र जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून घड्याळ जाणूनबुजून जुनंच ठेवलं आहे, तेव्हा ‘टी६४’ नावाची आय३८६ प्रत निर्धास्त घ्या.

दुसरा गट भांडारातून हद्दपार झालेल्या किंवा जेमतेम उरलेल्यांचा: ‘लिबपीएनजी१२’, ‘लिबएनकर्सेस.एसओ.५’, ओपनएसएसएल ०.९.८, आणि जीसीसी ३.३ या कम्पायलरच्या काळातली ‘लिबएसटीडीसी++.एसओ.५’. नावातला आकडा बदलला म्हणजे आतली बोलणी बदलली. म्हणून नव्या लायब्ररीला जुन्या नावाची लिंक करून देण्याचा जो सल्ला सगळीकडे फिरतो, तो मानू नका. प्रोग्रॅम कदाचित उघडेल, पण पुढे कधी कोसळेल सांगता येत नाही. आणि मोजमापाच्या आकड्यांचा प्रोग्रॅम न कोसळता चुकीचं वाचू लागला, तर ते कोसळण्यापेक्षा वाईट.

तिसरा गट म्हणजे तुमच्या फोल्डरमध्ये आधीपासूनच असलेल्या, बनवणाऱ्याने सोबत दिलेल्या लायब्ऱ्या. त्या नुसत्या सापडत नसतात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाला उपाय एकच. प्रोग्रॅमच्या शेजारी ‘जुने’ नावाचं फोल्डर करा. जुन्या मशिनवरून हव्या त्या लायब्ऱ्या तिथे आणा. मशिन नसेल तर जुन्या डेबियनच्या संग्रहातून पॅकेज उतरवा आणि ‘डीपीकेजी-डेब -एक्स’ने फक्त उलगडा, इन्स्टॉल करू नका. लिबपीएनजी१२ डेबियन ८ पर्यंत होती, तिथली आय३८६ प्रत चालेल. मग दोन ओळींची एक छोटी स्क्रिप्ट: पहिल्या ओळीत ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ला त्या फोल्डरचा पत्ता, दुसऱ्या ओळीत प्रोग्रॅमचं नाव. हा बदल त्या एका प्रोग्रॅमपुरता राहतो. हाच पत्ता लॉगिनच्या फाइलमध्ये कायमचा लिहिलात तर उद्या तुमचा ब्राउझरही जुनी लायब्ररी धुंडाळेल. जुनी लायब्ररी ‘/यूएसआर/लिब’मध्ये टाकणं तर त्याहून वाईट, पुढच्या अपग्रेडला कोण कुठून आलं हे कोणालाच आठवत नाही.

एक गोष्ट त्या फोल्डरमध्ये चुकूनही आणू नका: जुनी जीलिबसी, म्हणजे सिस्टिमची मूळ सी लायब्ररी ‘लिबसी.एसओ.६’ आणि तिची भावंडं. लोडर आणि जीलिबसी एकाच घडणीचे असावे लागतात. नवा लोडर आणि जुनी लिबसी एकत्र आली की प्रोग्रॅम पहिल्याच क्षणी मरतो. शिवाय तिची गरजही नसते. जीलिबसी आपल्या प्रत्येक फंक्शनवर आवृत्तीचा शिक्का ठेवते आणि जुने शिक्के जपते, त्यामुळे २००६ चा प्रोग्रॅम आजच्या जीलिबसीवर चालतो. उलटं, म्हणजे नवा प्रोग्रॅम जुन्या जीलिबसीवर, चालत नाही.

कधी कधी ‘एलडीडी’त सगळं सापडलेलं दिसतं आणि तरी प्रोग्रॅम खिडकी न उघडता मरतो. अशा वेळी ‘एलडी_डीबग=लिब्स’ लावून चालवा. पडद्यावर मजकुराचा पूर येईल, त्याला घाबरू नका. शेवटच्या वीस-पंचवीस ओळींत उत्तर असतं. कारण काही लायब्ऱ्या यादीत नसतात, प्रोग्रॅम चालता चालता उचलतो: चित्रांचे प्लगइन, आवाजाचे प्लगइन, त्रिमितीय आलेखासाठी ग्राफिक्सचा ड्रायव्हर. ग्राफिक्सचा ३२-बिट भाग ‘लिबजीएल१-मेसा-डीआरआय:आय३८६’मध्ये येतो. एनव्हिडियाचा बंदिस्त ड्रायव्हर असेल तर त्याचीच ३२-बिट प्रत, तीही आकड्याने तंतोतंत तीच आवृत्ती, हवी. लॅटिन सोडून दुसऱ्या लिपीत टाइप करायचं असेल तर इनपुट मेथडचा भागही ३२-बिट लागतो. तो नसला की कीबोर्ड बदलला तरी त्या एका खिडकीत अक्षरं बदलत नाहीत. दुसऱ्या बाजूने, ‘कॅनबेरा-जीटीके-मोड्यूल लोड झालं नाही’ किंवा ‘राँग ईएलएफ क्लास, इग्नोर्ड’ अशा ओळी दिसल्या तर त्यांच्यामागे लागू नका. त्या तक्रारी करून प्रोग्रॅम पुढे जातो. तो ज्या ओळीवर थांबला ती शोधा.

आणि एक तक्रार अशी आहे की तिचा लायब्ऱ्यांशी संबंधच नसतो. प्रोग्रॅम उत्तम उघडतो, पण नोंदींचं फोल्डर उघडायला गेलं की ‘व्हॅल्यू टू लार्ज फॉर डिफाइन्ड डेटा टाइप’. हे कोडं मला पहिल्यांदा पडलं तेव्हा मी दोन दिवस नोंदींच्या फाइलीच बिघडल्या असं समजत होतो. खरं कारण डिस्क. प्रत्येक फाइलला फाइलसिस्टिम एक क्रमांक देते. मोठ्या डिस्कवरच्या एक्सएफएस या फाइलसिस्टिममध्ये हे क्रमांक ३२ बिटांत मावत नाहीत, आणि जुन्या पद्धतीने बांधलेला प्रोग्रॅम फाइलचा नुसता तपशील विचारतानाच अडखळतो. २ जीबीहून मोठी फाइल उघडतानाही हेच वाक्य येतं, कारण फाइलची लांबीही त्याच्या मापात बसत नाही. क्रमांकांचा प्रश्न असेल तर उपाय सोपा: काही जीबींची एक इमेज फाइल करा, तिच्यावर ईएक्सटी४ ही फाइलसिस्टिम बसवा, ती माउंट करा आणि नोंदी तिथे ठेवा. ईएक्सटी४ चे क्रमांक ३२ बिटांतच असतात. फाइलच २ जीबीहून मोठी असेल तर ती तुकड्यांत करण्यावाचून मार्ग नाही.

इतकं करूनही गाठ सुटत नसेल, म्हणजे ‘जुने’ फोल्डरमध्ये वीस-तीस लायब्ऱ्या झाल्या आणि एकीला दुसरी पटेना, तर ओढाताण थांबवा आणि प्रोग्रॅमला त्याच्या काळातलं आख्खं घर द्या. ‘डीबूटस्ट्रॅप --आर्क=आय३८६’ने एका फोल्डरमध्ये जुनं डेबियन उभं राहतं. कर्नल तुमचाच राहतो, बाकी सगळं त्या काळातलं. फार जुनी आवृत्ती घेतलीत तर ती संग्रहाच्या सर्व्हरवरून घ्यावी लागते आणि तिथल्या स्वाक्षऱ्यांची मुदत संपलेली असते, हे आधीच लक्षात ठेवा. त्यात शिरायला मी ‘एसश्रूट’ वापरतो. त्याचं ‘डेस्कटॉप’ प्रोफाइल तुमचं होम, टेम्प आणि उपकरणांचे दुवे आत आणून देतं, त्यामुळे खिडकी तुमच्या नेहमीच्या पडद्यावर उघडते. खिडक्या दाखवायला नवं वेलँड असेल तरी एक्सवेलँडमार्फत चालतं. काही जुने प्रोग्रॅम आणि त्यांच्या इन्स्टॉल स्क्रिप्टा मशिनची जात विचारतात आणि ‘एक्स८६_६४’ ऐकून मागे फिरतात. त्यांना ‘लिनक्स३२’ ही आज्ञा पुढे लावून चालवलं की ‘आय६८६’ असं उत्तर मिळतं. ‘सिस्टिमडी-एनस्पॉन’नेही हे सगळं होतं, फक्त जुनं डेबियन त्यात पूर्ण बूट करायला जाऊ नका, आतलं जुनं सिस्टिमडी आजच्या कर्नल-मांडणीवर अडतं. नुसता प्रोग्रॅम चालवा. फ्लॅटपॅकमध्येही ३२-बिटचा जोड भाग मिळतो, पण तुमच्यासारख्या एकट्यादुकट्या बायनरीसाठी तो खटाटोप मला जास्त वाटतो.

व्हर्च्युअल मशिन हवंच असे प्रसंग तीन. प्रोग्रॅमसोबत कर्नल मोड्यूल असेल तर ६४-बिट कर्नल ३२-बिट मोड्यूल घेत नाही, तिथे तडजोड नाही. प्रोग्रॅमला स्वतःचा जुना कर्नलच हवा असेल, तेही तसंच. आणि सुरक्षेची जुनी यूएसबी चावी आपल्या जुन्या ड्रायव्हरशिवाय चालत नसेल, तर ती यूएसबी मशिनच्या आत देऊन टाका. प्रिंटरच्या ३२-बिट ड्रायव्हरबद्दलही हाच गैरसमज असतो, पण छपाई सांभाळणाऱ्या कप्सचे फिल्टर हे साधे प्रोग्रॅम असतात, त्यांना वर सांगितलेला लोडर आणि लायब्ऱ्या दिल्या की छपाई सुरू होते. आर्म प्रोसेसरच्या मशिनवर मात्र प्रोसेसरलाच ही भाषा येत नाही, तिथे बॉक्स८६ किंवा क्यूईएमयूसारखा दुभाषा लागतो आणि वेग नक्कीच कमी होतो.

जुन्या लायब्ऱ्यांमधल्या सुरक्षेच्या त्रुटी आता कोणी दुरुस्त करत नाही, त्यामुळे या प्रोग्रॅमला इंटरनेट दिसू देऊ नका. ‘बबलरॅप’ या प्रोग्रॅमला कोंडून ठेवणाऱ्या साधनाला ‘--अनशेअर-नेट’ लावून त्यातून तो चालवला की तो आपल्या फायली वाचतो, बाहेर जाऊ शकत नाही. नोंदी उघडणाऱ्या प्रोग्रॅमला तेवढं पुरतं.

आता काळाचं गणित. उबुंटूने २०१९ मध्ये आय३८६ ची पॅकेजं पूर्ण बंद करायची घोषणा केली होती. खेळ आणि वाइन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं साधन) वापरणाऱ्यांकडून विरोध झाल्यावर निवडक पॅकेजं ठेवली. फेडोराने त्याच वर्षी ३१ व्या आवृत्तीत ३२-बिट कर्नल सोडला. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० मध्ये ३२-बिट लायब्ऱ्या उरल्या नाहीत. डेबियन १३ मध्ये आय३८६ ला इन्स्टॉलर नाही, कर्नल नाही, फक्त ६४-बिट सिस्टिमवर जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून पॅकेजं आहेत. म्हणजे आज जे एका आज्ञेत मिळतं ते पाच वर्षांनी शोधावं लागेल. म्हणून एसश्रूटचं ते फोल्डर चालू लागलं, की त्याच दिवशी ‘टार’ने बांधून दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, सोबत स्क्रिप्ट आणि कोणती आवृत्ती कुठून घेतली त्याची टिपणं. आणि प्रोग्रॅममध्ये ‘एक्सपोर्ट’ असेल तर सगळ्या नोंदी साध्या मजकुरात किंवा सीएसव्हीत उतरवायला लगेच सुरुवात करा. त्यातल्या चार-पाच नोंदी जुन्या मशिनवर उघडून दोन्हीकडचे आकडे शेवटच्या दशांशापर्यंत ताडून पाहा. ते जुळले की मग जुनं मशिन खुशाल बंद करा.